पाच अंडी, दोन पेट्या

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला घड्याळजींनी पिंजऱ्याच्या जाळीला कान लावला आणि ते तसेच उभे राहिले. मागच्या दारातून ताईने ते पाहिलं आणि ती धावत आली. महिन्यापूर्वी स्टुलावरून पडल्यापासून बाबा कुठेही जरा जास्त वेळ न हलता दिसले की घरातल्या प्रत्येकाला धसका बसत असे.

"बाबा, चक्कर येतेय का?"

"शू," घड्याळजी म्हणाले. "ऐक."

ताईने कान दिला. छत्तीस पक्ष्यांचा कलकलाट चालला होता, त्यात आधी तिला वेगळं काही ऐकू येईना. मग आलं. वरच्या रांगेतल्या तिसऱ्या पेटीतून अगदी बारीक, कोरड्या काड्या एकमेकींवर घासाव्यात तसा आवाज येत होता.

"पिल्लं," घड्याळजी म्हणाले. "जहागीरदारांची."

ताईने जाळी घट्ट धरली. तिसऱ्या पेटीत पिल्लं निघणं शक्यच नव्हतं. त्या पेटीतली पाचही अंडी तिने स्वतःच्या हातांनी, कवळ्यांना लागणाऱ्या पांढऱ्या अॅक्रिलिकची बनवली होती.

तिने बाबांकडे पाहिलं. तीन खेपा ज्या आवाजाची वाट पाहिली तो कानावर पडल्यावर माणसाने टुणकन उडी मारायला हवी होती. घड्याळजी मात्र कपाळाला आठी घालून उभे होते. पण ताईला त्या क्षणी दुसऱ्याच्या आठ्या मोजायला सवड नव्हती.

पिंजरा हा नुसता म्हणायला पिंजरा. घरामागच्या मोकळ्या जागेत, भिंतीला धरून उभारलेली ती जाळीची एक खोलीच होती. माणूस आत ताठ उभा राहू शकत होता. खाली सांडलेले दाणे टिपत चार छोटे लावे फिरत. मधल्या फांद्यांवर झेब्रा फिंच या इवल्या पाखरांची भांडकुदळ टोळी दिवसभर एकमेकांची पिसं काढत असे. कोपऱ्यात कवडा जातीचे दोन पक्षी कोणाच्या अध्यातमध्यात नसल्यासारखे बसत. पूर्वी बजरी पोपटांची एक जोडी होती, पण तिने फिंचांच्या पायांचे चावे घ्यायला सुरुवात केल्यावर तिची रवानगी दाणेवाल्याकडे झाली. "ज्यांची चोच आवरत नाही त्यांना इथे जागा नाही," असं घड्याळजी तेव्हा मोठ्याने म्हणाले होते, आणि त्याच आठवड्यात मुक्कामाला आलेल्या थोरल्या मुलाच्या सासूबाईंनी ते स्वतःवर घेऊन संध्याकाळीच पिशवी भरली होती.

वर, छपराच्या हातभर खाली, आठ लाकडी पेट्या एका ओळीत टांगलेल्या होत्या. अंडी घालणाऱ्या जोड्या चार आणि पेट्या आठ, आणि सगळ्या एकाच उंचीवर. एक पेटी जरी वीतभर वर गेली तर प्रत्येक जोडीला तीच हवी असते आणि मग अंडी राहतात बाजूला, हे घड्याळजी दोन उन्हाळे भांडणं पाहून शिकले होते. हे शहाणपण घर बांधतानाच सुचलं असतं तर वरच्या गॅलरीवाल्या खोलीवरून दोन भावांमध्ये जो पाच वर्षांचा अबोला झाला तो टळला असता, असं त्यांची बायको शेवटपर्यंत म्हणत राहिली. खोली अखेर धाकट्याला मिळाली. थोरला चार गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला.

तिसऱ्या पेटीत गोल्डियन फिंच राहत. जांभळी छाती, पिवळं पोट, हिरवी पाठ; रंगपेटी सांडून तयार झालेली ती जोडी दिसायला देखणी आणि घरकामाला शून्य. म्हणून घरात त्यांचं नाव जहागीरदार आणि जहागीरदारीण. तीन वेळा त्यांनी अंडी घातली आणि तिन्ही वेळा आठवड्याभरात कंटाळून ती सोडून दिली. शेजारच्या चौथ्या पेटीत सोसायटी फिंचांची तपकिरी, साधी जोडी होती. कोणाचंही अंडं पुढ्यात आलं तरी ती बिनतक्रार त्यावर बसे आणि कोणाच्याही पिल्लाला भरवे. घरात तिला मावशी म्हणत, आणि तिचा नवरा मावशीच्याच नावाने ओळखला जाई.

आणि आता चौथ्या खेपेला घातलेल्या पाच अंड्यांवर घड्याळजींचं घर टांगलेलं होतं.

महिन्यापूर्वी पेट्या साफ करायला ते स्टुलावर चढले आणि खाली आले. कंबर मुरगळली, उठता येईना. दोन तास ते पिंजऱ्यातच पडून होते, आणि लावे त्यांच्या अंगावरून चालत होते. धाकटा रात्रभर बेकरीत पाव भाजून वरच्या खोलीत ढाराढूर झोपला होता. थोरला शाळेत परीक्षेच्या कामात होता. शेवटी ताई आली तेव्हा कळलं. मग बैठक बसली आणि थोरल्याने सांगून टाकलं, की बस झालं, बाबांनी आता आपल्याकडे यायचं. तिसऱ्या मजल्यावर पिंजरा नेता येणार नव्हता, हे कोणी बोललं नाही.

"पैज लाव," घड्याळजी म्हणाले होते. "जहागीरदारांनी स्वतःच्या पेटीत स्वतःची पिल्लं काढून भरवली, तर मी इथून हलणार नाही. नाही जमलं, तर पक्षी देऊन टाकतो आणि गुपचूप तुझ्याकडे येतो. पेटीत कोणी हात घालायचा नाही. मीसुद्धा नाही."

धाकट्याला पंच नेमलं गेलं, कारण तो त्याच घरात राहत होता. पंच दिवसभर झोपतो, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही, किंवा सगळ्यांच्याच आली.

*

वहिनी नवऱ्याबरोबर, म्हणजे थोरल्याबरोबर, अकराला येऊन पोचली. अजून चपला काढते आहे तोच ताईने तिला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"वहिनी, तू औषधांच्या दुकानात बसतेस. मला एक सांग. अॅक्रिलिकमधून पिल्लू निघतं का?"

"बरं नाहीये का तुला?"

ताईने एका दमात सगळं सांगितलं. अंडी घातल्यावर पाचव्या दिवशी, म्हणजे दहा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी, जहागीरदार अर्धा तास अंडी सोडून पिंजऱ्यातल्या आरशात स्वतःला बघत बसलेला तिला दिसला. ही चौथी खेपही वाया जाणार, बाबा हरणार, हे तिला सहन होईना. बाबा दुपारी झोपल्यावर तिने खरी पाच अंडी मावशीच्या पेटीत ठेवली आणि जहागीरदारांखाली आपली पाच ठेवली. मावशीची स्वतःची तीन होती ती झेब्रांच्या घरट्यात सरकवली, कारण झेब्रांना मोजता येत नाही. पिल्लं निघाली की परत आणून ठेवायची, असा तिचा बेत होता.

"पण आवाज तिसऱ्या पेटीतून येतोय! माझ्या अंड्यांमधून! वीस वर्षं कवळ्या बनवतेय मी, आजवर एकही दात उगवला नाही."

वहिनीने ओट्यावर टेकून पदर तोंडात धरला. हसू की रडू तिला कळेना.

वहिनीचं आणि सासऱ्यांचं चांगलं पटत होतं, पण ते चार गल्ल्यांच्या अंतरावरून पटत होतं हे तिला पक्कं माहीत होतं. दोन खोल्यांत, पक्ष्यांविना, दिवसभर खिडकीशी बसलेले बाबा तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हते. त्यात त्यांची काळजी कमी आणि तिची स्वतःची सोय जास्त होती हे ती स्वतःशी मान्य करत असे. म्हणून मागच्या रविवारी सगळे जेवून आडवे झाल्यावर तीही पिंजऱ्यात शिरली होती.

"पेनातली बॅटरी लावून बघितली मी तिसऱ्या पेटीतली अंडी," ती हळूच म्हणाली. "उजेड आरपार जाईना. एकातही शीर नाही, काही नाही. म्हटलं, भाकड आहेत. मावशीची पाहिली तर लालबुंद शिरा, जीव हलतोय आत. म्हणून मी..."

"म्हणून तू काय?"

"बदलली. मावशीची जहागीरदारांखाली, आणि भाकड मावशीखाली. म्हटलं, पिसं फुटून रंग कळेपर्यंत महिना जाईल, तोवर हे बाबांना न्यायचं विसरतील."

ताईने ओट्यावरच्या दोन वाट्या घेतल्या, एकीत शेंगदाणे टाकले, दुसरी रिकामी ठेवली, आणि त्यांची एकदा अदलाबदल केली, मग पुन्हा केली.

"म्हणजे खरी अंडी खऱ्या आईबापांकडे परत गेली," ती म्हणाली. "माझी मावशीकडे. वहिनी! बाबा जिंकले!"

"आणि आपण दोघींनी काहीच केलं नाही."

"काही म्हणजे काही नाही."

तेवढ्यात दार उघडून धाकटा आत आला. डोळे अर्धे मिटलेले, केसात पीठ. "पंचांना चहा मिळेल का?" त्याने विचारलं आणि शेंगदाण्यांची वाटी उचलून तोंडात रिकामी केली.

*

थोरला हेडमास्तर होता आणि जेवायला बसल्यावरही हेडमास्तरच राहत असे. त्याने भाजी वाढून घेतली, सगळ्यांना एकदा नजरेखालून घातलं, आणि काहीतरी गडबड आहे हे त्याच्या लक्षात आलं. ताई आणि बायको एकमेकींना कोपर मारत होत्या. धाकटा पेंगत होता. आणि ज्यांनी आज पेढे वाटायचे, ते बाबा वरणात बोट फिरवत बसले होते.

हेडमास्तरला मनातून शरम वाटत होती, पण तो मागे हटणार नव्हता. तिसऱ्या पेटीत ओरडणारी पिल्लं मावशीची आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण याच गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यानेच ती अंडी तिथे ठेवली होती. जहागीरदारांची अंडी फेकून द्यावीत म्हणून तो स्टुलावर चढला होता. पाच उबदार अंडी तळहातावर आल्यावर हात धजेना. मग त्याने ती मावशीच्या पेटीत ठेवली आणि तिची इकडे आणली. पिल्लं जगतील आणि बाबा हरतील, एवढा हिशोब करून तो खाली उतरला होता. शाळेत एवढ्याशा कॉपीसाठी तो मुलांच्या पालकांना बोलावून घेत असे.

"बाबा, अभिनंदन," तो म्हणाला. "पण पैज आहे तर तपासणी व्हायला हवी."

घास घड्याळजींच्या हातात राहिला. "कसली तपासणी?"

"मी वाचलंय. गोल्डियनच्या पिल्लांच्या तोंडाच्या कोपऱ्यात निळे मणी असतात, अंधारात चमकतात. मावशीच्या पिल्लांना नसतात. पंचांनी बघावं."

"आज पेटी उघडायची नाही," घड्याळजी घाईने म्हणाले. "पहिला दिवस आहे. दचकले तर टाकून जातील."

"उघडायची कशाला? भोकातून बॅटरी दाखवायची. जहागीरदार दाणे खायला बाहेर आला की."

"बघूया की!" ताई एकदम म्हणाली. "दादा म्हणतो ते बरोबर आहे. हातच्या कंकणाला..." वहिनीने तिला टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता.

"हो, बघूयाच," वहिनीनेही मग ठसक्यात म्हटलं. "होऊन जाऊ दे."

हेडमास्तर गोंधळला. बायको त्याच्या बाजूने बोलली, ही गेल्या महिन्याभरातली पहिलीच वेळ होती. आणि बाबा मात्र ताटावरून उठून हात धुवायला गेले ते परत यायला तयार नव्हते.

*

घड्याळजी खाली उभे होते. धाकटा स्टुलावर चढला होता. थोरल्याने स्टुलाचा पाय धरला होता. जहागीरदार बाहेर येऊन दाण्याच्या वाटीवर बसला, तशी धाकट्याने बापाचं एका डोळ्याला लावायचं भिंग लावलं आणि पेटीच्या भोकाशी बॅटरी नेली.

चाळीस वर्षं घड्याळजींनी दुसऱ्यांची घड्याळं उघडली होती आणि एकाही गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं. भाग बदलला असेल तर बदलला म्हणून सांगत. आज मात्र आपला धाकटा वरून काय म्हणणार हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना तोंड लपवायला जागा हवी होती.

"तोंडं दिसतायत," धाकटा म्हणाला. "एक, दोन... चार. पाचवं अंडं आहे अजून. थांबा. उघडलं तोंड." तो वाकला. "अरे वा! निळे मणी. दोन्ही कोपऱ्यांत. लखलखतायत."

"शक्य नाही!" घड्याळजी म्हणाले.

"शक्य नाही!" हेडमास्तर म्हणाला.

दोघं एकदमच बोलले होते. झेब्रांची टोळी घाबरून एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेली. धाकट्याने भिंग काढलं आणि वरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बाबा," ताई म्हणाली, "तुमचंच घोडं जिंकलंय आणि तुम्ही शक्य नाही म्हणताय?"

गप्प राहिले असते तर घड्याळजी जिंकले होते. दहा क्षण त्यांनी तो विचारही केला. मग ते पिंजऱ्याच्या कडेच्या विटांवर बसले.

"मंगळवारी मी हात घातला पेटीत," ते म्हणाले. "जहागीरदार बाहेर होता. तासभर आला नाही. अंडी गार पडणार असं वाटलं. म्हटलं, पैज गेली खड्ड्यात, पण जीव जायला नकोत. ती मावशीला दिली आणि मावशीची त्यांच्या पेटीत ठेवली. का ठेवली? तुम्हाला कळू नये म्हणून ठेवली. पैज खड्ड्यात म्हणून सांगितलं ना, ती काही तितकी खोल गेली नव्हती."

"डोळ्याला भिंग नव्हतं तुमच्या?" ताईने विचारलं.

"चोरी करताना कोण भिंग लावतो?"

"म्हणजे माझी अंडी तुमच्या हातात आली आणि तुम्हाला कळलं नाही?" ताईचा चेहरा उजळला. "खरंच कळलं नाही? वजनावरूनसुद्धा नाही?"

"तुझी अंडी?"

मग ताईला सांगावं लागलं आणि तिच्यामागोमाग वहिनीलाही सांगावं लागलं. धाकटा स्टुलावरच बसला आणि ऐकत राहिला. एकाच पंधरवड्यात, एकाच पिंजऱ्यात, तो पंच असलेल्या घरातल्या तीन माणसांनी त्याच्या झोपेत दोन पेट्यांची अदलाबदल केली होती.

"पंच म्हणून मला एक कळत नाही," तो म्हणाला. "ताईने बदलली. वहिनीने बदलली, म्हणजे जागेवर आली. बाबांनी बदलली, म्हणजे परत गेली. मग तिसऱ्या पेटीत आत्ता ताईची अंडी हवीत. त्यांना तोंडं कशी?"

घड्याळजींनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात घड्याळाचा काटा अर्धा फिरवला, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. काटा जागेवर यायला एक अर्धा फेरा कमी पडत होता.

"एक हात कमी पडतोय," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. "शक्य नाही असं माझ्याबरोबर अजून कोण म्हणालं?"

हेडमास्तरने स्टुलाचा पाय सोडला आणि परत धरला.

"मी," तो म्हणाला. "गुरुवारी."

"तू?" वहिनी म्हणाली. "अहो, तुम्ही? शाळेतून?"

"अर्ध्या दिवसाची रजा टाकून."

"कशासाठी?" घड्याळजींनी विचारलं.

"तुम्ही हरावं म्हणून."

धाकट्याला हसू आवरेना. "दादा, तू बाबांना हरवायला चढलास आणि जिंकवून उतरलास." पण थोरल्याचा चेहरा पाहून त्याने हसणं थांबवलं.

"दोन तास, बाबा," हेडमास्तर म्हणाला. त्याचा आवाज हेडमास्तरचा राहिला नव्हता. "तुम्ही दोन तास इथे पडून होतात आणि तुमचे फोन माझ्या टेबलाच्या खणात वाजत होते. अकरा वेळा. मी नंतर मोजले. आता मी वर्गातसुद्धा फोन हातात घेऊन फिरतो, पोरं हसतात. मला तुम्ही पलीकडच्या खोलीत हवे आहात. खोकलात तर ऐकू येईल असे. बाकी मला काही नको."

महिनाभर घड्याळजींना वाटत होतं, पोराला आपली व्यवस्था लावून मोकळं व्हायचंय. तसं ते तिन्ही मुलांना आणि दाणेवाल्यालाही बोलून बसले होते, ते आठवून त्यांना वाईट वाटलं.

"मग झालं तर," ते उठत म्हणाले. "नियम मी केला, मोडलाही मीच. हरलो मी. सामान बांधतो."

"नाही, बाबा. पिल्लं त्यांचीच आहेत. मी हरलो."

"हात कोणी घालायचा नाही हे ठरलं होतं."

"भरवतायत त्यांचे आईबाप. हेही ठरलं होतं."

"मी हरलो म्हटलं ना!"

"पंच!" वहिनी ओरडली. "तुम्ही झोपलात की जागे आहात?"

धाकटा विचार करत होता. "अंडी पाच दिवस मावशीकडे पाहुणी होती," तो सावकाश म्हणाला. "बाकी सगळे दिवस घरी. आणि तोंडं उघडली ती घरीच. पण निकाल कशाला? पिल्लं आहेत तोवर पिंजरा हलवता येतो का?"

"छे," घड्याळजी म्हणाले. "उडेपर्यंत हात लावायचा नाही. बावीस दिवस तरी."

"आणि बावीस दिवस बाबा स्टुलावर चढणार?"

"मी चढेन," हेडमास्तर पटकन म्हणाला. "मी इथे येऊन राहतो. सकाळी पाणी, दाणे, सगळं करून शाळेत जाईन." मग त्याला आठवलं, की या घरात आता आपल्याला खोली नाही. त्याने पायाखालच्या लाव्यांकडे पाहिलं.

धाकटा स्टुलावरून उतरला. त्याने हात पँटला पुसले. "वरची घे," तो म्हणाला. "रात्री मी बेकरीत असतो. दिवसा तू शाळेत. गादी तेवढी गरम मिळेल." आणि मग लगेच, "गॅलरीतली कुंडी मात्र माझी आहे, तिला पाणी घालायचं नाही."

"नाही घालणार," हेडमास्तर म्हणाला. बाकीच्यांनी त्याच्याकडे न बघता वरच्या पेट्यांकडे तोंड केलं. वर जहागीरदार पोट भरून परत आला होता आणि पेटीत शिरत होता.

"बावीस दिवस," वहिनी म्हणाली. ती घरातल्या शांततेचा विचार करत होती, आणि तो विचार तिला वाईट वाटत नव्हता. "मग त्यानंतर?"

"त्यानंतर ती परत अंडी घालते," घड्याळजी अगदी निरागस चेहऱ्याने म्हणाले. "एकदा जमलं की चटक लागते त्यांना."

"वर्षातून किती वेळा?" हेडमास्तरने विचारलं.

"दोनदा. तीनदा. आणि शेजारी झेब्रा आहेत, त्यांना तर काळवेळ नाही."

"आणि अंडी असताना..."

"हात लावता येत नाही."

हेडमास्तर हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, त्यामुळे झेब्रा पुन्हा उडाले.

"माझी पाच मला परत द्या तेवढी," ताई म्हणाली. "चांगला माल आहे."

घड्याळजींनी चौथ्या पेटीकडे पाहिलं. मावशी ताईच्या अॅक्रिलिकवर पंख पसरून बसली होती आणि तिचा नवरा तिला चिकटून बसला होता.

"आत्ता नको," ते म्हणाले. "बसलीये ती. उठली की घे."

*

सोमवारी सकाळी पावणेसात वाजता हेडमास्तर शाळेच्या कपड्यांत, बाह्या सरसावून स्टुलावर चढला. पाण्याची वाटी वरच्या खिळ्याला टांगायची होती. धाकटा नुकताच परतला होता आणि वरच्या खोलीत, अजून गरम असलेल्या गादीवर, घोरायला लागला होता. तिसऱ्या पेटीतून आता पाच आवाज येत होते.

हेडमास्तरने वाटी टांगली, आणि न राहवून तो पेटीच्या भोकात डोकावला.

खाली घड्याळजींनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं.

"वाकू नकोस," ते म्हणाले. "पडशील."